हार्ट अटॅक: पहिला तास घरच्यांच्या हातात

हार्ट अटॅकच्या उपचारात चंदीगड शहराचं योगदान दोन प्रकारचं आहे. सेक्टर १२ मधलं 'पीजीआय' हे मोठं वैद्यकीय केंद्र १९६२ साली सुरू झालं. पंजाब, हरियाणा, हिमाचल, जम्मू-काश्मीर अशा उत्तरेच्या मोठ्या पट्ट्यातून तिथं हृदयरोगी येतात. तिथून काही किलोमीटरवर, सेक्टर ३९ मध्ये, 'इम्टेक' ही सीएसआयआरची (वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची) सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्था आहे. हृदयाच्या रक्तवाहिनीत अडकलेली गुठळी विरघळवणारं स्ट्रेप्टोकायनेज हे औषध देशातच तयार करण्याचं तंत्र डॉ. गिरीश साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथं विकसित केलं. हेच साहनी पुढं २०१५ मध्ये सीएसआयआरचे महासंचालक झाले. इम्टेकचं तंत्रज्ञान आधी अहमदाबादच्या कॅडिला फार्मास्युटिकल्सकडे गेलं. जनुकीय तंत्राने बनवलेला त्याचा पुढचा प्रकार चेन्नईच्या शासून कंपनीकडे गेला. आयात औषधावर अवलंबून असलेल्या देशात हे इंजेक्शन साध्या रुग्णालयाच्या आवाक्यात आलं, त्यामागे या कामाचा मोठा हात आहे.

औषध देशात बनतं, ते देणारे डॉक्टर आहेत, अँजिओप्लास्टी करणारी केंद्रंही वाढली आहेत. तरीही आम्हा इमर्जन्सीच्या डॉक्टरांसमोर येणारे कितीतरी रुग्ण उशिरा पोचलेले असतात. हा उशीर बहुतेक वेळा घरात आणि रस्त्यात झालेला असतो. तो कमी करणं तुमच्या हातात आहे, म्हणून हा लेख.

उशीर नेमका कुठं होतो

भारतातल्या हार्ट अटॅकच्या रुग्णांचा एक मोठा अभ्यास २००८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याचं नाव 'क्रिएट'. ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांमधले २० हजारांहून अधिक रुग्ण त्यात होते. दुखायला लागल्यापासून रुग्णालयात पोचेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटं निघाला, म्हणजे सहा तास. रुग्णालयात आल्यावर गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन सुरू व्हायला लागलेला मध्यक वेळ होता ५० मिनिटं. ही ५० मिनिटं ३० च्या आत आणणं हे आमचं काम, आणि त्यासाठी आम्ही झटलंच पाहिजे. पण त्याआधीच्या सहा तासांवर आमचा हात पोचत नाही.

याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट प्रत्येकाने लक्षात ठेवावी. गरीब रुग्णांमध्ये तीस दिवसांच्या आत मृत्यूचं प्रमाण ८.२ टक्के होतं, श्रीमंतांमध्ये ५.५ टक्के. मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरला, तेव्हा ही तफावत उरली नाही. म्हणजे गरिबाचं हृदय वेगळं नव्हतं, त्याच्यापर्यंत उपचार पोचले नव्हते.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद झाली की पुढचा स्नायू मरायला लागतो. पाटात दगड आडवा आला की पुढचे वाफे सुकतात, तसंच. मात्र पीक पुन्हा लावता येतं, मेलेला हृदयस्नायू परत येत नाही. अशा रुग्णांवरच्या जुन्या चाचण्यांचं एकत्रित विश्लेषण १९९६ साली झालं. गुठळी विरघळवणारं औषध पहिल्या तासात दिलं तर दर हजार रुग्णांमागे सुमारे ६५ जास्तीचे जीव वाचतात, दुसऱ्या तासात दिलं तर ३७ आणि तिसऱ्या तासात २६, असं त्यात दिसलं. औषध तेच, रुग्णही तसेच. फरक फक्त घड्याळाचा.

दुखणं ओळखा

छातीच्या मधोमध दाब, आवळल्यासारखं वाटणं, जड ओझं ठेवल्यासारखं वाटणं ही नेहमीची लक्षणं. कळ डाव्या हातात, दोन्ही हातांत, खांद्यात, जबड्यात किंवा पाठीत जाते. सोबत दरदरून घाम फुटतो, मळमळतं, दम लागतो. रुग्ण बोटाने एक जागा दाखवत नाही, अख्खा तळहात किंवा मूठ छातीवर ठेवतो. असं दुखणं पंधरा-वीस मिनिटांत गेलं नाही, किंवा जाऊन परत आलं, तर तो हार्ट अटॅक आहे असं धरूनच चाला.

फसवणूक होते ती पोटाच्या वरच्या भागात दुखतं तेव्हा. मग 'गॅस झालाय', 'पित्त उसळलंय', 'उसण भरलीय' असं म्हणत ओवा, सोडा, इनो, पाठीला बाम यांत तास-दोन तास जातात. ढेकर आली की हायसं वाटतं आणि आणखी एक तास जातो. ढेकर आली म्हणून हृदय ठीक आहे असं होत नाही. हृदयाच्या खालच्या बाजूचा अटॅक अगदी पित्तासारखाच वाटू शकतो, उलटीसुद्धा होते.

मधुमेही, वयस्कर माणसं आणि स्त्रिया यांच्यात छातीत दुखणं फारसं नसतंच, असंही घडतं. अचानक दम लागणं, विलक्षण थकवा, थंड घाम, चक्कर, जबडा किंवा दोन्ही हात भरून येणं एवढीच खूण असते. मधुमेही आईला सकाळी जिना चढताना नेहमीपेक्षा जास्त धाप लागली आणि घाम फुटला, तर 'वय झालं' असं म्हणून सोडून देऊ नका.

वयाच्या भरवशावरही राहू नका. 'इंटरहार्ट' या २००४ सालच्या जागतिक अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक इतर देशांच्या तुलनेत काही वर्षं आधी येतो, असं दिसलं. पस्तीस-चाळिशीतल्या, सिगारेट ओढणाऱ्या किंवा तंबाखू खाणाऱ्या माणसाच्या छातीतली कळ ही पहिल्यांदा हृदयाचीच समजावी.

घरातली पहिली दहा मिनिटं

घड्याळ बघा आणि दुखणं किती वाजता सुरू झालं ते लिहून ठेवा. आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो आणि उपचाराची दिशा त्या उत्तरावर ठरते.

१०८ किंवा ११२ ला फोन करा. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ ची सेवा आहे आणि या रुग्णवाहिकेत डॉक्टर असतो. पत्ता सांगताना जवळची ठळक खूण सांगा. एका माणसाला खाली रस्त्यावर उभं करा, लिफ्ट वर आणून थांबवा.

रुग्णाला पाठीला टेका देऊन बसवा किंवा त्याला सोयीचं वाटेल तसं आडवं करा. त्याला चालवू नका. जिना उतरायचा असेल तर खुर्चीत बसवून दोघांनी उचला. त्याने स्वतः गाडी किंवा स्कूटर चालवत दवाखान्यात जाणं तर नकोच. रस्त्यात शुद्ध हरपली तर त्याच्यासोबत इतरांचाही जीव जातो.

अटॅकमध्ये अनेकांना शौचाला लागल्यासारखं वाटतं. त्यांना एकट्याने बाथरूममध्ये जाऊ देऊ नका आणि आतून कडी लावू देऊ नका. दाराबाहेर घरचे उभे आणि आत माणूस कोसळलेला, असे प्रसंग घडतात.

रुग्ण शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल आणि त्याला अॅस्पिरिनची अॅलर्जी नसेल तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅम अॅस्पिरिन चावून खायला द्या. पाण्यात विरघळणारी गोळी चालते. गोळी अख्खी गिळण्यापेक्षा चावली तर लवकर काम करते. या साध्या गोळीची ताकद १९८८ च्या 'आयसिस-२' या चाचणीत दिसली. १७ हजारांहून अधिक रुग्णांमध्ये पाच आठवड्यांतले मृत्यू अॅस्पिरिनने जवळपास एक चतुर्थांशाने कमी झाले. स्ट्रेप्टोकायनेजनेही साधारण तेवढेच कमी झाले, आणि दोन्ही मिळून मृत्यू १३.२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले. मात्र नुकतीच रक्ताची उलटी झाली असेल, काळी शी होत असेल, मेंदूत रक्तस्राव झालेला असेल, तोंड वाकडं झालं असेल किंवा एका बाजूची शक्ती गेली असेल तर अॅस्पिरिन देऊ नका. छाती फाडून पाठीकडे जाणारी अचानक, अतितीव्र कळ असेल तरीही नको. ती महाधमनी फाटल्याची खूण असू शकते. शंका असेल तर फोनवर रुग्णवाहिकेच्या डॉक्टरला विचारा.

जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी मात्र शेजाऱ्याच्या डब्यातून आणून देऊ नका. तिने रक्तदाब धाडकन उतरू शकतो. ती ज्याला लिहून दिलेली आहे त्यानेच, बसून, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्यावी. जोरजोरात खोकून अटॅक थोपवता येतो, असा संदेश मोबाइलवर वर्षानुवर्षं फिरतो आहे. त्यावर विश्वास ठेवू नका. खोकण्यात घालवलेली मिनिटं वाया जातात.

न्यायचं कुठं

नातेवाइकांचा गोंधळ इथंच सर्वाधिक होतो. जवळच्या छोट्या दवाखान्यात, तिथून थोड्या मोठ्या, तिथून शहरातल्या नामांकित रुग्णालयात, अशी तीन-चार ठिकाणं फिरून रुग्ण पोचतो. पंजाब-हिमाचलच्या गावांतून चंदीगडकडे निघालेल्या रुग्णांचंही हेच होतं आणि गडचिरोली-नंदुरबारहून नागपूर-नाशिककडे निघालेल्यांचंही.

नियम सोपा ठेवा. चोवीस तास अँजिओप्लास्टी करणारं केंद्र जवळ असेल आणि तिथं अर्ध्या-पाऊण तासात पोचता येत असेल, तर थेट तिथं जा. नाहीतर ईसीजी मशीन, डॉक्टर आणि गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन जिथं आहे, त्या सर्वांत जवळच्या रुग्णालयात जा. ईसीजीत अटॅक दिसल्यापासून १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर आधी इंजेक्शन द्यावं आणि मग अँजिओग्राफी व गरजेनुसार स्टेंटसाठी पुढं पाठवावं, असं आज जगभर मानलं जातं. इंजेक्शनच्या या मार्गाला २०१३ च्या 'स्ट्रीम' चाचणीनेही बळ दिलं. इंजेक्शन घेऊन तीन ते चोवीस तासांत अँजिओग्राफी करणं हा पक्का उपचार आहे. 'छोट्या गावात राहतो म्हणून दुय्यम उपचार मिळाला' असं समजायचं कारण नाही.

तमिळनाडूत लहान रुग्णालयं मोठ्या केंद्रांशी जोडण्याचा प्रयोग झाला, त्यात वर्षभरातले मृत्यू १७.६ वरून १४.२ टक्क्यांवर आले. पंजाबात आता जिल्हा रुग्णालयांमध्ये टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन मोफत देण्याची योजना आहे. तिथला ईसीजी मोठ्या केंद्रातल्या हृदयरोगतज्ज्ञाला पाठवला जातो आणि त्याच्या सल्ल्याने औषध सुरू होतं. महाराष्ट्रातही 'स्टेमी' या हार्ट अटॅकसाठीच्या प्रकल्पाखाली काही जिल्ह्यांतल्या सरकारी रुग्णालयांमधून असा ईसीजी पुढं जातो. तुमच्या तालुक्यातल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात ही सोय आहे का, हे आजच विचारून ठेवा. नसेल तर लोकप्रतिनिधीकडे मागणी करा. ही मागणी रस्ता आणि पाणी यांच्याइतकीच महत्त्वाची आहे.

इमर्जन्सीत काय होतं

दारातून आत आल्यावर दहा मिनिटांच्या आत ईसीजी निघाला पाहिजे. केसपेपर काढायला एक नातेवाईक रांगेत थांबेल, पण रुग्णाला रांगेत उभं करू नका. 'छातीत दुखतंय' हे शब्द मोठ्याने सांगा. मोठ्या सरकारी रुग्णालयात गर्दी असते, ट्रॉल्या एकाला एक लागून असतात. तिथं शांत बसलेल्या घामाघूम रुग्णापेक्षा ओरडणाऱ्याकडे आधी लक्ष जाण्याचा धोका असतो. रुग्णाच्या वतीने तुम्ही बोललं पाहिजे.

ईसीजीच्या कागदावर आम्ही बारा लीड बघतो. ठरावीक लीडमध्ये 'एसटी' नावाचा भाग वर उचललेला असला की वाहिनी पूर्ण बंद असल्याची खूण मिळते. तेव्हा रक्ताच्या तपासणीची वाट बघत नाहीत, लगेच उपचार सुरू होतो. खालच्या भागाचा अटॅक दिसला तर छातीच्या उजव्या बाजूचाही ईसीजी काढतात, कारण उजवा कप्पा गुंतलेला असेल तर काही औषधांनी रक्तदाब कोसळू शकतो. पाठीमागच्या भागाचा अटॅक पकडायला पाठीवरही पट्ट्या लावतात. म्हणून 'एकदा काढला ना ईसीजी, परत कशाला?' असं म्हणू नका.

पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी जायची घाई करू नका. दुखणं चालू असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी तो पुन्हा काढावा लागतो. ट्रोपोनिन ही रक्ततपासणीही दुखायला लागल्यावर लगेच केली तर नॉर्मल येऊ शकते, म्हणून काही तासांनी पुन्हा करतात. हे तास इमर्जन्सीत थांबणं त्रासाचं असतं, पण लवकर घरी पाठवल्याने होणारं नुकसान त्याहून कितीतरी मोठं असतं.

सही करताना

इंजेक्शन द्यायचं ठरलं की नातेवाइकांशी बोलणं होतं. नेमकी इथं गाडी अडते. 'मोठा भाऊ पुण्याहून निघालाय, तो आल्यावर ठरवू', 'मुलाला अमेरिकेत फोन लागत नाहीये.' तेवढ्यात पहिला तास निघून जातो. म्हणून निर्णय कोण घेणार हे घरात आधीच ठरलेलं असावं.

या औषधाने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो, साधारण हजारात पाच ते दहा जणांना. तो टाळण्यासाठी डॉक्टर प्रश्न विचारतात: पूर्वी अर्धांगवायू झाला होता का, डोक्याला मार लागला होता का, अलीकडे शस्त्रक्रिया झाली का, कुठून रक्त जातंय का, रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? यांतलं काहीही लपवू नका.

स्ट्रेप्टोकायनेज साधारणपणे १५ लाख युनिट, अर्धा ते एक तास सलाइनमधून दिलं जातं. त्या वेळी रक्तदाब उतरू शकतो, थंडी वाजू शकते, म्हणून परिचारिका सतत जवळ असते. टेनेक्टेप्लेज वजनानुसार एकाच सुईत देतात. स्ट्रेप्टोकायनेज एकदा घेतलेल्या माणसाच्या शरीरात त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, त्यामुळे ते पुन्हा देत नाहीत. हे औषध मिळालेल्या प्रत्येकाने डिस्चार्ज कार्ड कायम जपावं आणि पुढच्या वेळी कुठंही दाखल झालं तर हे आधी सांगावं.

पैशांअभावी तातडीचा उपचार नाकारता येत नाही. जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं कर्तव्य असल्याचं १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत यांत अँजिओप्लास्टीचा समावेश आहे. आधी जीव वाचवायला लावा, कागदपत्रं मागाहून येऊ द्या.

माणूस कोसळला तर

हाक मारून, खांदा हलवून प्रतिसाद नाही आणि श्वास नाही किंवा नुसते आचके येताहेत, तर हृदय थांबलं आहे. १०८ ला फोन लावून स्पीकरवर ठेवा. कडक जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मधोमध, हाडावर, एका तळहातावर दुसरा ठेवा, कोपर ताठ ठेवा आणि मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाबा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या. तोंडाने श्वास देणं जमत नसेल तर नुसतं दाबत राहा. दर दोन मिनिटांनी माणूस बदला, दमल्यावर दाब हलके होतात. विमानतळ, मॉल किंवा कार्यालयात एईडी (हृदयाला विजेचा झटका देणारा यंत्रसंच) असेल तर तो मागवा आणि चालू करा, पुढं तो स्वतः सूचना देतो. बरगडी मोडेल या भीतीने थांबू नका, बरगडी जुळते. हे हाताने एकदा करून बघितल्याशिवाय जमत नाही, म्हणून सोसायटीच्या किंवा गणेशोत्सवाच्या कार्यक्रमांत एक तास अशा छातीदाबाच्या, म्हणजे सीपीआरच्या, प्रशिक्षणासाठी ठेवा.

डोंगराकडे निघताना

दर वर्षी हजारो मराठी कुटुंबं चंदीगडमार्गे सिमला, मनाली, अमृतसर, वैष्णोदेवीला जातात. स्टेंट घातलेले, बायपास झालेले ज्येष्ठही त्यांत असतात. निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा. गेल्या काही महिन्यांत अटॅक आला असेल तर सहल पुढं ढकला. रोजची औषधं दोन वेगवेगळ्या बॅगांत ठेवा, स्टेंटनंतरच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका. शेवटच्या ईसीजीचा आणि डिस्चार्ज कार्डचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. जुना ईसीजी समोर असला की नवा बदल आम्हाला लगेच ओळखता येतो. घाटात छातीत दुखलं तर 'चंदीगडला पोचल्यावर बघू' असं करू नका. वाटेत येईल त्या सरकारी रुग्णालयात ईसीजी काढा, मग पुढचा प्रवास रुग्णवाहिकेतून करा.

आजच करून ठेवा

एका कागदावर लिहा: १०८, ११२, चोवीस तास अँजिओप्लास्टी करणारं जवळचं रुग्णालय, ईसीजी आणि इंजेक्शनची सोय असलेलं सर्वांत जवळचं रुग्णालय, घरातल्या प्रत्येकाची औषधं आणि अॅलर्जी, निर्णय घेणाऱ्या दोघांचे नंबर. तो कागद फ्रिजवर लावा. घरात अॅस्पिरिनच्या मुदत न संपलेल्या गोळ्या ठेवा.

आणि घरातल्या बायकांशी मोकळेपणाने बोला. स्वयंपाक उरकून, पाहुणे गेल्यावर, सगळ्यांची जेवणं झाल्यावर मग 'जरा छातीत दुखतंय' असं सांगायची सवय आपल्या घराघरांत आहे. आईला, बायकोला, सासूबाईंना आज स्पष्ट सांगा: रात्री दोन वाजता दुखलं तरी उठवायचं, भाजी गॅसवर असली तरी टाकून सांगायचं, आणि पित्तच निघालं तरी कुणी रागावणार नाही.